सरांच्या घराचे चित्र आणि दोन कार्डे

मित्राच्या कार्डाला आवाज नव्हता. मला सगळ्यात आधी तेच खटकले.

नांदेडला माझे काम पत्र्याच्या खोलीत चालते. घर बांधायच्या आधी ते कसे दिसेल याचे चित्र लोक मागतात, त्याला सगळे थ्रीडी म्हणतात. ते मी करून देतो. नकाशावरून कॉम्प्युटरमध्ये घर उभे करायचे आणि शेवटी प्रकाश, सावल्या, काचेतले प्रतिबिंब मशीनकडून रंगवून घ्यायचे. ही रंगवायची मेहनत ग्राफिक्स कार्ड करते. माझे कार्ड ती करताना पिठाच्या गिरणीसारखे घरघरायचे, आणि चित्र भिंतीवरचा चुना वाळावा तसे सावकाश उमटायचे. मित्राच्या एसी ऑफिसात त्याचे नवे कार्ड गुपचूप बसून तेच काम उरकायचे.

आम्ही अहमदपूरला एका वर्गात होतो, पुढे इंजिनिअरिंगलाही बरोबर. त्याचे वडील प्राध्यापक. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आईवडिलांनी आणि शाळेतल्या सरांनी माझ्यासाठी जे केले ते मी एक दिवस विसरलेलो नाही. तरीही मित्राच्या स्टेटसवर नवे चित्र दिसले की मी ताट सारून फोन हातात घ्यायचो. ते मोठे करून मी चुका शोधायचो. सावली उलटी पडली आहे का, झाड जमिनीतून वर उचललेले दिसते का. क्वचितच एखादी सापडायची.

दोन कार्डांची तुलना करणारे व्हिडिओही मी बघायचो. एकाच कॉम्प्युटर गेमचे दोन चौकोन शेजारी शेजारी, कोपऱ्यात वेगाचे आकडे पळत असतात. माझ्या कार्डाचा आकडा मागे पडला की वाईट वाटायच्या ऐवजी बरे वाटायचे. म्हणजे फरक कार्डात होता, माझ्यात नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात सरांनी अहमदपूरला घर बांधायचे ठरवले. निवृत्त होईपर्यंत ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले होते. त्यांनी आम्हा दोघांनाही नकाशा पाठवला आणि फोन करून सांगितले, दोघंही चित्र काढा, जे बरं वाटेल ते भूमिपूजनाच्या फ्लेक्सवर लावू. मला ते चित्र माझेच हवे होते. ज्या माणसाने मला संध्याकाळी घरी बसवून फुकट गणित शिकवले, त्यांच्या घरासमोर दुसऱ्याचे चित्र लागणार ही कल्पनाच सहन होईना.

काम सुरू केले आणि मशीन दर थोड्या वेळाने अडकू लागले. बाहेर ऊन, वर पत्रा. मी मित्राला फोनवर म्हणालो, तुझ्यासारखं कार्ड असतं तर कधीच झालं असतं. हे मी थट्टेत म्हटले, पण त्याने ते थट्टेत घेतले नाही.

"आण की तुझा सीपीयू इकडं," तो म्हणाला. "एकच फाईल दोन्हीवर लावू. कोण किती पाण्यात हाय ते तरी कळंल."

मोटारसायकलवर पुढ्यात धरून मी तो नेला. आम्ही सरांच्या घराची माझी फाईल दोन्ही मशीनवर एकदम सुरू केली. खरे सांगायचे तर माझे कार्ड सपाटून हरावे असेच मला वाटत होते. ते हरले, पण जेमतेम. त्याचे चित्र पूर्ण झाले, आम्ही चहा सांगितला, आणि चहा यायच्या आत माझेही झाले. घरघरसुद्धा नव्हती.

मित्राने माझ्याकडे बघितले. घरी कसा ठेवतोस, असे त्याने विचारले. मग त्याची नजर मी सीपीयूवरून काढून खुर्चीवर टाकलेल्या कव्हरवर गेली.

मी इंजिनिअर झालो तेव्हा आईने ते तिच्या चांगल्या साडीतून शिवले होते. आमच्याकडे काळ्या मातीची धूळ दारं लावली तरी आत येते. बटणापुरते आणि वायरींपुरते भोक ठेवले होते, म्हणजे ते कधी काढायची गरजच पडू नये. त्या दिवसापर्यंत मी ते कधी काढलेही नव्हते. चार वर्षे इंजिनिअरिंग शिकूनही त्यात हवा कोंडते हे माझ्या लक्षात आले नाही. कार्ड जुने आहे एवढेच मी धरून बसलो होतो.

"अरे, मे महिन्यात स्वेटर घालून पळवून राहिला की तू त्याला," मित्र हसत म्हणाला.

मला हसू आले नाही. कव्हरची घडी घालून मी पिशवीत ठेवले. त्याच्या कार्डावर जळण्याची जी सोय होती, ती त्याने एका वाक्यात काढून घेतली होती.

घरी येऊन मी मशीन उघडून साफ केले, शेजारी टेबल फॅन लावला आणि सरांचे घर नव्याने रंगवले. चित्र असे झाले की मीच बघत राहिलो. संगमरवरी पायऱ्या, काचेत आभाळ, पोर्चमध्ये चकचकीत पांढरी गाडी. अहमदपूरला जाताना मला खात्री होती.

सरांनी आधी माझे चित्र बघितले. छान आहे म्हणाले. मग चष्मा वर करून विचारले, "ही गाडी कुणाची रे?"

सरांकडे सायकल आहे. आम्ही सगळेच थ्रीडीत गाडी लावतो, लोकांना आवडते. मी तसे सांगितले.

मग मित्राने त्याचे चित्र समोर धरले. घर तेच, संध्याकाळचा साधा उजेड. पोर्च रिकामा. दारासमोर मात्र चपलांचा ढीग, लहान मुलांच्या, एकमेकींवर चढलेल्या. ते दाखवायला सरांनी बायकोला हाक मारून बाहेर बोलावले, आणि तेव्हाच माझ्या लक्षात आले की फ्लेक्सवर हेच लागणार.

ते चित्र माझ्या कार्डावरही झाले असते. कोणत्याही कार्डावर झाले असते. सरांच्या त्या भाड्याच्या खोल्यांच्या दारात रोज संध्याकाळी चप्पल काढणारा मी होतो, तो नव्हता. त्याला त्याचे वडील घरीच शिकवायचे. परत येताना एसटीत मी त्याला विचारलेच, तुला हे कसं सुचलं.

"तुम्ही सगळे आत बसायचा," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मी रस्त्यानं जायचो. मला चपलाच दिसायच्या."

मला त्याची दया यायला हवी होती. मला त्याचा हेवाच वाटला, आणि या वेळी तो कार्डावर ढकलता येत नव्हता.

आईने कव्हर आता शिलाई मशीनवर घातले आहे.

भूमिपूजनाला फ्लेक्स लागला होता. खड्ड्याजवळ पूजा चालली होती म्हणून सगळ्यांनी त्याच्याच खाली चपला काढल्या. सर माझ्या खांद्यावर हात ठेवून फ्लेक्सकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यातली तुझी कुठली?"

मी चित्रातल्या ढिगात शोधू लागलो. मला माझी तेव्हाची चप्पल आठवत नव्हती.

"कडेची, सर," मित्र मागून म्हणाला. "अंगठ्याला पिन लावलेली."

मी जवळ जाऊन बघितले. पिन होती.