खालच्या काकूंची उडी

खालच्या मजल्यावरच्या काकूंना कुणी काही सांगितलेलं चालत नाही. कुकर असो की स्कूटर, तळहात पुढं करून म्हणतात, ‘‘सांगू नको, मला कळतंय की!’’

साठीनंतर पोहायला शिकल्या, त्याचा व्हिडिओ कॉम्प्युटरवरून वायरीशिवाय टीव्हीवर लावायचा त्यांनी हट्टच धरला. आम्हा दोघींचं वायफाय एकच.

काल संध्याकाळी माझी मालिका मध्येच थांबली आणि माझ्या टीव्हीवर काकूंनी धाडकन तलावात उडी मारली. मी खिडकीतून ओरडले, ‘‘काकू, तुम्ही माझ्या टीव्हीवर आलाय!’’

धापा टाकत त्या वर आल्या, पडद्यावर स्वतःला पाहिलं आणि माझ्या सोफ्यावर ऐसपैस मांडी घातली.

‘‘आमचा टीव्ही लई बारका हाय. मुद्दाम हितं लावलं की! आवाज वाढव.’’