जोगळेकरांचे अडीचशे फूट

बाण हरवला की शोधण्यात अर्धा तास जातो, आणि तरी सापडत नाही. किस्से मात्र न शोधता जमतात! दोन हजार पंधराच्या आसपास इथं परदेशात, जुरोंग ईस्टजवळच्या एका रेंजवर आम्ही मराठी मंडळी दर शनिवारी धनुष्यबाण चालवायचो. तेव्हाचे किस्से ढिगानं साठलेत, आणि त्यातले निम्मे एकट्या जोगळेकरांचे.

जोगळेकर आयटीत मॅनेजर. माणूस लाखमोलाचा, पण छापील आकड्यावर भारी विश्वास! त्यांनी घेतलं ते थेट शिकारीचं कंपाउंड धनुष्य, टोकांना चाकं असलेलं. आमचे कोच लिम अंकल सत्तरीचे. त्यांनी विचारलंच, "यू हंट व्हॉट? पिजन आह?"

खोक्यावर लिहिलं होतं, बाणाचा वेग सेकंदाला ३३० फूट. मी तुआसच्या एका कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांचं काम करतो, त्यामुळे स्पीड मीटर माझा. पहिला बाण सुटला, २४७! जोगळेकरांनी कंपनीला दोन पानी तक्रार ठोकली, मुद्दा क्रमांक एक ते अकरा. उत्तर आलं एका ओळीचं.

"धनुष्य ओढणाऱ्याची उंची किती?"

*

उंचीचा संबंध असतो हो! दोरी जितकी मागे ओढाल तितका बाणाला रेटा जास्त, आणि किती ओढायची ते हातांच्या लांबीवर. खोक्यावरचा आकडा कुणा सहाफुटी दांडगटाचा. जोगळेकरांनी धनुष्य मापाला लावून घेताना दुकानाच्या फॉर्मवर पाच फूट सात इंच लिहिलं होतं, कारण लग्नाच्या बायोडेटातही तेच होतं!

लिम अंकलना शंका आली. त्यांनी जोगळेकरांना भिंतीशी उभं करून टेप लावली आणि सगळ्या रेंजला ऐकू जाईल असं म्हणाले, "फाइव्ह फोर!"

नेमक्या त्या शनिवारी वहिनी आल्या होत्या. "अठरा वर्षं!" एवढंच म्हणाल्या.

धनुष्य खऱ्या मापाला लावलं आणि वेग उतरला २३२ वर. जोगळेकर इरेला पेटले. "खऱ्या उंचीवर अडीचशे काढीन! दिवाळीपर्यंत नाही जमलं तर विकून टाकीन." वहिनींनी लगेच शब्द धरला, त्यांना धनुष्यानं अडवलेला बाल्कनीतला कोपरा कपडे वाळत घालायला हवाच होता. आम्हाला मात्र वाईट वाटलं. आठवडाभर मीटिंगांत पिचलेला हा माणूस शनिवारीच काय तो खळखळून हसायचा.

*

बाण हलका तर वेग जास्त, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. पुढच्या शनिवारी काड्यांसारखे बाण हजर! लिम अंकलनी एक बाण तळहातावर तोलला.

"दिस वन नॉट ॲरो. दिस वन साते स्टिक लाह!" साते म्हणजे हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर मिळणारे काडीवरचे कबाब.

फार हलका बाण सोडणं म्हणजे रिकामी दोरी सोडल्यासारखंच, सगळा दणका धनुष्याला बसतो आणि ते फुटतं. बाण जप्त! मग मधल्या वजनाचे घेतले, त्यांनी २४१ दिले.

*

शिकारीच्या धनुष्याच्या दोरीला रबराच्या मिशा असतात. आवाज दबावा, हरिण बुजू नये म्हणून. पण दोरीवरचं प्रत्येक ओझं वेग खातं. जोगळेकरांनी मिशा काढल्या, झाले २४५! आवाज मात्र असा, की शेजारच्या बाई दचकल्या आणि त्यांचा बाण भलत्याच टार्गेटवर.

जोगळेकर ओशाळले. लेकीला विचारलं, "इरा, फार आवाज होतो का गं?"

"सो व्हॉट, बाबा? टार्गेट गॉट नो इअर्स लाह!"

*

खंडेनवमीला जोगळेकरांकडे दरवर्षी लॅपटॉपची पूजा व्हायची. यंदा खरंखुरं शस्त्र घरात! वहिनींनी हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि दोरीला मध्याच्या जरा वर जाड लाल नाडा बांधला. "दृष्ट नको लागायला."

दोरीवरचं ओझं! जोगळेकरांनी धनुष्याला नमस्कार केला.

*

दिवाळीआधीचा शेवटचा शनिवार. लिम अंकलनी धनुष्याचा ताण दोन पाउंड वाढवून दिला, खांद्याला सोसेल तेवढाच. पहिला बाण २४९. दुसरा २४९. तिसराही २४९! सगळ्यांचे डोळे त्या लाल नाड्यावर.

मी हळूच म्हटलं, "अहो, तो नाडा काढा की!"

"पूजेतला आहे. तिनं बांधलाय." त्यांनी धनुष्य स्टँडवर ठेवलं. "जाऊ दे, विकतो. शब्द म्हणजे शब्द."

तेवढ्यात वहिनी बाकावरून उठल्या. नखांनी गाठ सोडवली, नाडा काढला आणि जोगळेकरांच्या मनगटाला बांधला.

"अहो, मारा आता. आणि ताठ उभे राहा, पाच सात असल्यासारखे!"

मीटरवर आकडा आला, २५१.