क्लचवरचा पाय

इंजिन ऐकायचं असलं की सिद्धोधनभाऊ आधी रेडिओ बंद करायचे. मग पंखा. मग मला म्हणायचे, "मास्तर, श्वास बी हळू घ्या."

मी मास्तर नाही. मराठीत एम.ए. केलं आणि परभणीत घरी बसलो. जिंतूर रोडला भाऊंचं पत्र्याचं गॅरेज होतं. मी दुपारी तिथं जायचो. ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांना ऐकणारं कुणीतरी हवं होतं आणि मला कुठंतरी बसायचं होतं.

भाऊंना स्वतःच्या कानांचा लय अभिमान. "आवाजावरून सांगतो, गाडीचा मालक बायकोशी भांडून आलाय का न्हाई," असं म्हणायचे. लोक हसायचे. पण गाड्या त्यांच्याकडंच आणायचे.

जागा माणिकरावांची होती. माणिकराव लग्नांना मंडप, डीजे, सगळं पुरवायचे. त्यांनी हैदराबादहून एक जुनी विलायती गाडी आणली. लाल, उघडी, दोन सीटची, जमिनीला टेकल्यासारखी. शर्यतीत पळावी अशी. माणिकरावांनी ती वरातीला लावली. मागच्या पत्र्यावर गादी टाकून नवरदेव बसायचा आणि गाडी डीजेमागं माणसाच्या चालीनं सरकायची. चालवायचे भाऊ. गॅरेजची जागा त्यांच्याकडं राहायची अट तीच होती.

लग्नसराई सुरू झाली आणि गाडी बोलायला लागली. इंजिनात खोलवर ठोका. धप्प. धप्प. बंद दारावर आतून कुणी तळहात मारावा तसा. क्लच दाबला की थांबायचा. सोडला की परत.

भाऊंनी लांब पेचकस घेतला. टोक गिअरबॉक्सला, मूठ कानाला. मग पुढं, इंजिनच्या टोकाला फिरणाऱ्या पुलीजवळ. तिथं ते बराच वेळ थांबले. कपाळाला आठी पडली.

"काय झालं, भाऊ?"

"काही न्हाई." त्यांनी पेचकस पुसला. "गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. क्लच दाबला की त्याचं फिरणं थांबतं, म्हणून आवाज थांबतो."

"उघडून बघू या की."

"ऐन सराईत? माणिकराव मलाच उघडून बघतील. बोंबलायलंय निस्तं. मारत न्हाई कुणाला."

त्या दिवसापासून प्रत्येक वरातीत त्यांचा डावा पाय क्लचवरून उठला नाही. पाय दाबला की ठोका बंद. तसाही तो डीजेत कुणाला ऐकू गेला नसता. भाऊंना मात्र यायचा. पायातून येतो, म्हणायचे.

"झोपेत बी यांचा डावा पाय ताठ असतो," बबितावहिनी म्हणाल्या. "परवा मला लाथ बसली."

भाऊ हसले नाहीत.

मग पेडगावची वरात आली. मी पाण्याचा कॅन घेऊन गाडीला लागून चालत होतो, कारण इंजिन तापायचं. बॉनेटपुढं बाया-पोरं नाचत होती. पिवळ्या फ्रॉकमधली एक लहान मुलगी सगळ्यात मागं होती. तिची पाठ गाडीकडं.

वरात थांबली होती. भाऊंचा पाय क्लचवर पार खालपर्यंत दाबलेला होता. मला दिसत होता.

गाडी सरकली.

वीतभर असेल. बॉनेट मुलीच्या पाठीला लागलं. तिला वाटलं, कुणी ढकललं. ती वळली, हसली, बॉनेटवर एक थाप मारली आणि पुन्हा नाचायला लागली.

भाऊंनी ब्रेक दाबला. इंजिन गचका देऊन बंद पडलं.

"ओ मिस्त्री, झोपला का?" नवरदेवाचा मामा ओरडला. "मारा सेल!"

"न्हाई मारणार. ढकला."

"आमी मोटार सांगितली हुती, हातगाडा न्हाई!"

लोक हसले. भाऊंनी गाडी न्यूट्रल केली, चावी खिशात टाकली आणि मला स्टिअरिंगवर बसवलं. "पाय ब्रेकजवळ ठेवा, मास्तर." ते पुढं गेले. दोन्ही हात पसरून, बॉनेटकडं पाठ करून चालायला लागले. पोरांनी गाडी ढकलली. मांडव येईपर्यंत मला समोर फक्त त्यांची पाठ दिसत होती.

गाडी टेम्पोमागं बांधून परत आणली. सकाळी भाऊ पुलीसमोर उकिडवे बसले.

"क्लच दाबा."

मी दाबला.

"सोडा. दाबा. सोडा."

 मी उतरून त्यांच्याजवळ गेलो. "पुली केसाएवढी हलली तर चालती," ते म्हणाले. "ज्वारीच्या दाण्याएवढी पुढं आली."

त्यांनी खालचं ऑइलचं चेंबर उघडलं. काळ्या तेलात अर्ध्या चंद्रासारखी एक चकती पडली होती. झिजून नखासारखी झालेली. इंजिनातल्या क्रँकला, म्हणजे पुली बसलेल्या फिरत्या दांड्याला, पुढं सरकू देत नाहीत त्या या चकत्या. क्लच दाबला की सगळा जोर यांच्यावर येतो. त्यातली ही गळून पडली, क्रँक सरकला आणि मग क्लच कितीही दाबला तरी चाकं इंजिनापासून पुरती सुटेनात.

"पाय ठेवून आवाज बंद करायलो हुतो," भाऊ म्हणाले. "त्याच पायानं हे खाल्लं."

दुपारी माणिकराव आले. तोवर अख्खं इंजिन जमिनीवर सुटं झालेलं होतं.

"परवा जिंतूरची वरात हाय, मिस्त्री."

"न्हाई जाणार ही गाडी."

"कुणाला इचारून उघडली?"

भाऊंनी चकती पुढं केली. माणिकरावांनी ती हातात घेतली नाही.

"एवढ्याशा पत्र्यापायी? अहो, डीजेत कोण ऐकायलंय?"

"लेकराला लागली गाडी."

"रक्त निघालं का?"

"न्हाई."

माणिकरावांनी गॅरेजच्या छताकडं पाहिलं.  "मग जागा खाली करा," ते शांतपणे म्हणाले. इंजिनाचे सुटे भाग गोण्यांत भरून ते गाडीसकट घेऊन गेले.

भाऊ आता दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला जातात. रस्त्यानं वरात निघाली की हातातलं काम टाकतात. बॉनेट आणि नाचणारी पोरं यांच्यामध्ये शिरतात आणि गल्ली संपेपर्यंत चालतात. लोकांना वाटतं, मिस्त्री प्यायला लागला. मलाही मध्ये तसं वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात मी सोबत होतो. वळणावरून लाल गाडी आली. इंजिन कुणी जोडलं, माहीत नाही. ड्रायव्हर नवा होता, विशीतला. वरात थांबली. भाऊंनी बॉनेटवर तळहात ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मीही ठेवला.

धप्प. धप्प.

मग पोरानं क्लच दाबला. ठोका थांबला.

भाऊ ओरडले. डीजेत कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी गाडीकडं पाठ केली आणि हात पसरले. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.