अंगठ्याखालची जागा

मुतखड्यासाठी काढलेली माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, स्कॅनची फिल्म डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा त्यांचा अंगठा नेमका वरच्या टोकाला दिसणाऱ्या फुफ्फुसाच्या कडेवर आला. तिथंच एक लहान गाठ दिसते, पुढे तपासा, असं रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं.

"खडा पडलाय. जा आता निवांत."

"सर, ती शेवटची ओळ..."

"ते छातीच्या डॉक्टरांना विचारा."

छातीच्या डॉक्टरांनीच तर, स्कॅन ज्यांनी सांगितला त्यांना विचारा, म्हणून इथं धाडलं होतं.

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. गावभर ते मिरवणारे अण्णा आज हात जोडून म्हणाले, "साहेब, मनावर घेऊ नका. पोरगी जरा शिकलेली आहे."

आमची माणसं आजवर डॉक्टरांच्या शब्दावर निश्चिंत घरी जात आली. मी मात्र ती ओळ वाचून बसले होते, आणि वाचलेलं काही परत देता येत नाही.

पुढचा पेशंट पाठीशी येऊन उभा राहिला. दारातून अण्णा म्हणाले, "चल की गं आता."

मी खुर्ची सोडली नाही. मी उठले असते, तर ती ओळ वाचणारं त्या खोलीत कुणीच उरलं नसतं.