भिंतीच्या अलीकडची कर्दळ

कर्दळ दोन-तीन वर्षांनी उपटून वेगळी करावी लागते, नाहीतर गड्ड्यांवर गड्डे चढतात आणि फुलं कमी होतात. जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या कडेला तिची रांग आहे. ती मी लावलेली नाही. शेजारच्या बाईंच्या मिस्टरांनी लावली, तेव्हा दोन घरांमध्ये नुसती तार होती. पुढे भिंत झाली आणि मूळ गड्डा आमच्या बाजूला राहिला. बाईंच्या बाजूची कर्दळ गाडीसाठी फरशी घातली तेव्हा गेली. नंतर मिस्टरही गेले.

यंदा बाई मुलाकडे पुण्याला कायमच्या निघाल्या. सामान बांधता बांधता भिंतीपाशी आल्या. ह्यांच्या हातचं एवढंच उरलंय, गॅलरीत कुंडीत लावीन म्हणते, म्हणाल्या. मी लगेच कामाला लागले. ऊन उतरल्यावर कुदळीनं अख्खा ठोंब काढला, कडेचे तरणे, डोळे फुगलेले चार गड्डे तोडले, पानं निम्मी छाटली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून बाईंपुढे धरले.

बाईंनी हात मागे घेतला. "हातात नको देऊस. दिलेलं रोप लागत नाही, चोरून नेलेलं लागतं."

"मग चोरा की."

"जन्मभर वर्गात उलटं शिकवलं गं. तू जरा आत जा."

मी आत जाऊन चहा टाकला. बाहेर आले तर गोणपाट जागच्या जागी. गेला होता तो मधला जुना गड्डा, मी टाकून द्यायला बाजूला काढलेला. ठोंबात मधला सगळ्यात म्हातारा, आतून पोकळ. त्याला फुटायला डोळेच उरत नाहीत. आता गप्प बसले असते, तर बाई पुण्यात रोज नुसत्या मातीला पाणी घालत राहिल्या असत्या. गप्प बसणंच बरं, असंही रात्री वाटून गेलं.

सकाळी टेम्पो लागला तेव्हा मी भिंतीवरून सांगून टाकलं.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "चष्मा लावून पाहिलं. पण ह्यांनी लावला तो हाच. बाकीचे आपले आपण झालेले."

मी म्हटलं, आपले आपण कसे होतील? त्याच्याच अंगातून फुटलेत ते.

मी गोणपाट भिंतीवर ठेवलं आणि पाठ फिरवून नळ सोडायला गेले. वळले तेव्हा ते त्यांच्या काखेत होतं.

"एकाच कुंडीत चालतील का गं सगळे?"

"चालतील. मधे तो ठेवा, कडेनं हे."

बाईंनी मुलाला हाक मारली. मोठी कुंडी, जी इथंच सोडून जायची ठरली होती, ती टेम्पोत चढवायला सांगितली. मुलगा कुरकुरत दोर सोडू लागला.