कानातला पाहुणा

आमच्या बावडा गावात असं बोलतात की गिरणीवाल्या कुशाकाकूशी तिचा मेलेला नवरा रेडिओतून बोलतो. शेजारच्या रंगूबाईनं तर हे स्वतःच्या कानांनी ऐकलंय. लाईट गेली, गिरणी थांबली, की काकू ओट्यावर बसते आणि सेलवरचा रेडिओ लावते. स्टेशन कुठलंच नाही, नुसती खरखर. मग काकू मान हलवून म्हणते, "आलास व्हय? बस मग तितं."

आता खरं सांगते. काकूचे मालक रामहरीतात्या चांगले जिवंत आहेत. गावाला हे ठाऊक आहे, पण गोष्टीत ते कुणी आणत नाही. वालचंदनगरला वॉचमन आहेत, शनिवारी सकाळच्या एसटीनं येतात आणि पिशवी खाली ठेवायच्या आत चहात साखर कमी आहे म्हणतात. शिवाय काकू त्यांना 'अहो' म्हणते, ती 'आलास' कशाला म्हणेल? हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. उलट तो प्रसंग खरखरीसकट मीच कॉलेजात वीसेक वेळा करून दाखवला होता. टाळ्याही घेतल्या होत्या.

काकू बोलते ती कानातल्या आवाजाशी. तेवीस वर्षं गिरणी चालवली, आणि दोन वर्षांपूर्वी एका दुपारी पट्टा थांबला तरी कानातलं काही थांबलं नाही. लसणाचं तेल घालून झालं. रंगूबाईनं किडा गेलाय म्हणून मिठाचं पाणी ओतलं. शेवटी बारामतीच्या कानाच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, की मशीनच्या आवाजानं कान दुखावलाय. कानातला हा आवाज पूर्ण जाईल असं वचन देत नाही, पण त्याची सवय होते. अगदी शांततेत बसू नका, बारीक काहीतरी चालू ठेवा. आणि गिरणीत कानावर आवाज अडवणारा जाड मफ घाला.

रेडिओचं कोडं सुटलं. मफनं मात्र नवीन घोळ केला. कारण गिरणी कानावर चालते. वरच्या पत्र्याच्या डब्यातलं धान्य संपत आलं की दगडाचा आवाज बदलतो, तेव्हा चाक फिरवून दगड सैल करायचा. चुकलं की दगडाला दगड घासतो आणि पिठात कच उतरते. मफ घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी रंगूबाई अर्धी भाकरी घेऊन दारात उभी. "ह्ये बघ कुशे, दात हालला माझा!"

तात्यांनी निकाल दिला, "इकून टाक गिरणी. लखन घ्याया तयार हाय."

"आन मी दिवसभर काय करू?" काकूनं कानाकडं बोट केलं. "ह्याचं ऐकत बसू?"

पंधरवड्यानं मी दळण घेऊन गेले तर लाईट नव्हती. काकू म्हणाली, "निके, समद्यांचे आवाज काढतीस. माज्या कानातला काढ बरं."

मी रातकिडा काढला.

"न्हाय. त्यो मधी दम घेतो. ह्यो घेत न्हाय."

शिट्टी व्हायच्या आधीचा कुकर काढला.

"जवळ आलीस. आनखी बारीक."

दात मिटले, जीभ टाळूला लावली आणि नाकातून एक लांब, बारीक 'ईं' सोडला. काकूनं माझं मनगटच धरलं.

"ह्योच! ह्योच मेला!" ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. तिनं लगेच तात्यांना फोन लावला आणि माझ्या तोंडापुढं धरला. "ऐका. ह्यो असा असतुया. दोन वर्सं."

तात्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "आगं पोरी, बंद कर की आता."

"ती करंल," काकू म्हणाली. "ह्यो करत न्हाय."

मग पलीकडून हळूच आलं, "आन त्या कचंचं काय?"

"हात हाय की. पंधरा दिस झालं शिकतीया. डब्यावर तळवा ठेवला की दानं कळत्यात."

"मग शनवारी माज्यापुढं तीन दळणं काढ. कच न्हाय निघाली, तर इकायचं नाव काढनार न्हाय."

मला हसू आवरेना. हातानं कुठं ऐकू येतं? मी पैज लावली: काकू चुकली, तर वर्षभर आमचं दळण नंबर न लावता. मी हरले, तर अख्खा एक दिवस कुणाचीच नक्कल नाही.

शनिवारी काकू कानांवर मफ घालून, डब्याकडं पाठ करून उभी राहिली. एक तळवा मागं डब्यावर, दुसरा हात चाकावर. धान्य मी ओतायचं, किती ते तिला सांगायचं नाही. पहिलं दळण गहू. ऐन वेळेला चाक फिरलं. दुसरं बाजरी, तेही फिरलं. तिसऱ्या ज्वारीत मी गुपचूप दोन मुठी मका टाकला. तिची बोटं एकदम ताठ झाली. मला वाटलं, चुकली! तेवढ्यात चाक फिरलं आणि काकू मागं न बघता ओरडली, "ज्वारीत मका कुनी टाकला गं, भवाने?"

तात्यांनी तिन्ही पिठं चिमटीत धरून दाताखाली घेतली. सावकाश चावली. "कच न्हाय," म्हणाले, आणि चहात साखर कमी असल्याचं सांगायचं त्या दिवशी विसरले.

रविवारी माझा मुका दिवस, नक्कल बंद. नेमका त्याच दिवशी लखनराव गिरणी विकता का विचारायला आला. हा माणूस दर दोन शब्दांमागं खाकरतो आणि 'गिरणी' शब्द नाकातून काढतो. त्यानं तीनदा विचारलं. काकूनं मफ काढला नाही. डब्यावरचा हातही उचलला नाही.

"मोठ्यानं बोला लखनराव," ती म्हणाली, "पाहुना आलाय, ऐकू येत न्हाय!"

लखनराव खाकरला, दोनदा वळून बघत निघून गेला. आणि मी पिठाच्या डब्यावर बसले होते, ओढणीचा बोळा दातांत धरून.