न विचारणारी यादी

आमच्या कॉलेजच्या संगणक खोलीत चपला काढून जावं लागे. आत गार हवा, लख्ख फरशी, आणि धूळ गेली की यंत्र बिघडतं अशी सगळ्यांची समजूत. दाराबाहेरच्या त्या चपलांवरच माझे सहकारी मधाळे नव्या मुलांना पहिला धडा द्यायचे. प्रत्येकाने आपल्या जोडात एक चिठ्ठी ठेवायची, तिच्यावर पुढचा जोड कुठे आहे एवढंच लिहायचं. जोड कुठेही पडलेले असोत, चिठ्ठ्या वाचत शेवटपर्यंत जाता यायचं. "हीच लिंक्ड लिस्ट," मधाळे म्हणायचे. "बूट हाय का स्लिपर, चिठ्ठीला काय करायचंय?" दुसऱ्याच्या चपलेला मात्र ते स्वतः कधी हात लावत नसत. मी एकदा सहज कारण विचारलं. म्हणाले, "आक्का, माझ्या बापानं लई उचलल्यात. आमच्या घराचा वाटा उरकला." मी हसले, आणि लगेच मला लाज वाटली.

मधाळे निपाणीचे. आई विड्या वळायची, आणि तिच्या शेजारी बसून यांनी अभ्यास केलेला. मी कॉलेजच्याच गावातली, टिळकवाडीतल्या वकिलाची मुलगी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोघंही त्या कॉलेजात हंगामी होतो आणि कायमची जागा एकच होती. हे दोघांनाही ठाऊक होतं, पण आमच्यात त्याचा विषय कधी निघाला नाही. डबा मात्र रोज एकत्र खायचो.

तेव्हा ग्रंथालयाच्या पुस्तकांची, मुलांची, वसतिगृहाची अशा तीन याद्यांचे सी भाषेतले तीन वेगळे प्रोग्राम होते. एकातली चूक सुधारली तरी ती उरलेल्या दोन्हींत तशीच राहायची. मधाळ्यांनी ठरवलं, यादी एकच लिहायची, कशालाही चालणारी. तिच्याकडे वस्तूचा नुसता पत्ता असेल, म्हणजे ती यंत्रात कुठे ठेवली आहे एवढंच; वस्तू कसली ते तिला ठाऊक नसेल. विभागप्रमुखांना ते पटेना. "यादीला कळायला नको का, आत काय आहे?"

"नको सर," मधाळे म्हणाले. "कळलं की ती भेद कराय लागती."

जुन्या छापील कागदांच्या पाठीवर पेन्सिलीने बाण काढत त्यांनी आठवडाभर काम केलं आणि मगच कीबोर्डला हात लावला. त्यांचा एक नियम होता, तो ते मला ऐकवत राहायचे. "यादीनं धरायचं आणि सोडायचं. पुसायचं न्हाय. ज्यानं वस्तू आणली, पुसायचा हक्क त्याचा." मी मान डोलवायचे. खरं सांगायचं तर मला तो त्यांचा हट्ट वाटायचा.

जूनमध्ये आई आजारी पडली म्हणून मधाळे निपाणीला गेले. इकडे वसतिगृहाची यादी छापायची घाई, आणि यंत्राची मेमरी अपुरी पडायला लागली. मी मधाळ्यांच्या लिखाणात एक ओळ घातली, यादीतून नाव काढलं की त्याची माहितीही पुसायची. पुस्तकांवर चालवून पाहिलं, ठीक चाललं. पण वसतिगृहात मुलीचं नाव प्रतीक्षायादीतून निघून पक्क्या यादीत जायचं. माहिती एकच, दोन्ही याद्यांकडे फक्त तिचा पत्ता. पहिल्या यादीने सोडताना पुसली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्याच मुलीची माहिती येऊन बसली. सात मुलींच्या ठिकाणी दुसऱ्यांची नावं दोन-दोनदा छापली गेली. कागद तसाच फळ्यावर लागला.

त्या सातांतली जांबोटीची एक मुलगी वडिलांबरोबर ट्रंक घेऊन आली होती. वडिलांनी यादी तीनदा वरून खाली वाचली, मग ट्रंक उचलली आणि दोघं परत गेली. घोळ कळेपर्यंत रिकाम्या दिसणाऱ्या खोल्या कार्यालयाने वाटूनही टाकल्या होत्या.

प्रमुखांनी मधाळ्यांना निपाणीहून बोलावून घेतलं. "म्हणून सांगत होतो, सगळ्यांना एकच यादी चालत नसते." मधाळ्यांनी पडद्यावर प्रोग्राम काढला आणि त्या ओळीपाशी थांबले. प्रोग्राम लिहिताना मी कंसाआधी रिकामी जागा सोडायचे, ते सोडत नसत, त्यामुळे ओळ कुणाची हे त्यांना लगेच कळलं असणार. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. बोलायला एक वाक्य पुरे होतं, आणि ते माझ्या तोंडात आलंही होतं.

"चूक हाय सर," मधाळे म्हणाले. "दुरुस्त करतो."

त्यांची मुदत वाढवली नाही. मला कायम केलं. निघायच्या दिवशी मी स्टँडवर गेले. "मी सांगायला हवं होतं," एवढं कसंबसं बोलले.

"व्हय," ते म्हणाले. "मी थांबलतो जरा, तुम्ही बोलशीला म्हणून." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. संकेश्वरमार्गे निपाणीला जाणारी गाडी लागली, तसे ते पायरीवर चढले आणि वळून म्हणाले, "माझं ऱ्हाऊ द्या आक्का. जांबोटीच्या त्या पोरीला पत्र घाला. तिला वाटत असंल, मार्कं कमी पडलं. चूक कुणाची ते तिला कळू द्या."

पत्र मी त्याच आठवड्यात लिहिलं. दोन मसुदे फाडले. तिसऱ्यात लिहिलं, 'संगणकाच्या चुकीमुळे', आणि खाली माझ्या नव्या पदाचा शिक्का मारला.